पटावरचं एक्केचाळिसावं नाव

रुपराव गुरुजींचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे, असं सगळा नरखेड तालुका म्हणायचा. लग्नपत्रिकांवर नावं घालायला लोक त्यांनाच शोधत यायचे. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पंधरा ऑगस्टचा मजकूर त्यांच्याच हातचा असायचा. तपासणीला आलेले साहेब शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर उघडायचे, दोन पानं उलटायचे, 'वा गुरुजी' म्हणायचे आणि पोरांना पाढे विचारायचे विसरून थेट जेवायलाच बसायचे. त्या रजिस्टरात काही खोटं असेल अशी शंका कुणाला शिवत नसे. इतक्या सुंदर अक्षरात माणूस खोटं कशाला लिहील?

कशाला लिहील, तेच सांगायचं आहे.

गुरुजी आता सत्तरीचे. नागपुरात सक्करदऱ्याला, तलावाच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. समोरच्या खोलीत आदर्श शिक्षक पुरस्काराचं प्रमाणपत्र काचेत लावलेलं, आणि त्याच्या बरोब्बर खाली गुरुजींची खुर्ची, म्हणजे आलेल्याला एका नजरेत दोन्ही दिसावं. त्यांच्या पत्नी शामलाबाई पिंपळझरीला गुरुजींच्याच शाळेत शिक्षिका होत्या. शाळेतली सवय म्हणून गुरुजी त्यांना घरीही 'बाई' म्हणत.

पिंपळझरीचं कुणी ना कुणी नागपुरात भेटायचंच. कुणी शहराच्या टोकाला वाडीच्या गोदामात कामाला, कुणी ऑटो चालवायला. भर बाजारात थांबून हे लोक पाया पडायचे. गुरुजींनाही त्याची सवय झाली होती. समोरचा वाकायला लागला की ते उजवी चप्पल इंचभर पुढे सरकवत. समोरच्याला फार वाकावं लागू नये म्हणून, असं ते सांगत. खरं खोटं त्यांचं त्यांना माहीत.

मागच्या वर्षी मार्चमध्ये एका सकाळी दारात दोन बायका उभ्या राहिल्या. एक तरुण, काळा कोट हातावर घेतलेली. तिचं नाव नूपुर, सरकारी मोफत मदतीतून कैद्यांचे खटले लढवणारी वकील. दुसरी पिंपळझरीची बेबीबाई, संत्र्याच्या बगिच्यात आयुष्यभर मजुरी केलेली. बेबीबाई उंबऱ्यातच वाकली. गुरुजींची चप्पल पुढे झाली.

"पोराचं काम होतं जी गुरुजी," बेबीबाई म्हणाली.

पोरगा म्हणजे जितेंद्र. दोन हजार अकराच्या जानेवारीत वाडीच्या एका गोदामात ट्रक कोणी खाली करायचा यावरून हमालांची जुंपली आणि एका मुकादमाचा जीव गेला. मारणारे दोघं वेगळे. जितेंद्रने मुकादमाचे हात मागून धरले होते. हे तो आजही नाकारत नाही. तिघांनाही जन्मठेप झाली. हायकोर्टातलं अपील फेटाळलं गेलं, सुप्रीम कोर्टाने तर दोन ओळींत नाही म्हटलं. लोकांच्या लेखी प्रकरण संपलं होतं.

नूपुरने एक कागद गुरुजींपुढे ठेवला. जितेंद्रने तुरुंगातून कोर्टाला पाठवलेल्या अर्जाची झेरॉक्स होती. मजकूर वाचण्याआधी गुरुजींना अक्षर दिसलं. उजवीकडे किंचित कललेलं, 'ळ'ला खाली छोटी गाठ. पोरगं तेरा वर्षं तुरुंगात राहिलं, पण गुरुजींनी दिलेली गाठ काही सुटली नव्हती. गुरुजींना एका क्षणापुरता अभिमान वाटला. मग त्यांनी वाचलं.

'गुन्हा झाला तेव्हा माझे वय सतरा होते, असे आई सांगते. शाळेत एक जुलै ब्याण्णव लिहिले आहे ते चूक आहे. मला याबाबत कोर्टात कोणी विचारले नाही, आणि सांगायचे असते हे मला माहीत नव्हते.'

"अठराच्या आत असेल तर हा मुद्दा कधीही काढता येतो, गुरुजी," नूपुर म्हणाली. "अपील संपल्यावर, सगळं संपल्यावरसुद्धा. हायकोर्टाने वयाची चौकशी करायला सांगितली आहे. सतराचा ठरला तर जास्तीत जास्त तीन वर्षं. त्याची तेरा झाली आहेत. म्हणजे लगेच बाहेर."

"आणि नाही ठरला तर?" शामलाबाईंनी आतून विचारलं.

"सुटकेच्या नियमात त्याला बावीस वर्षांच्या गटात टाकलं आहे. अजून नऊ."

"नऊ वर्सं मी काई राहत नाही जी," बेबीबाई म्हणाली. तिचं वय बासष्ट, साखरेने एका पायाची दोन बोटं नेलेली. तिने हे अगदी सहज सांगितलं, बस चुकली म्हणून सांगावं तसं. "किल्लारीचा भूकंप झाला थ्या टायमाले पोरगं दीड महिन्याचं होतं. पोळ्याच्या करीले झालं. रेडिओवर बातम्या लागल्या तवा मी त्याले मांडीवर घेऊन बसली होती. तुमाले तं मालूम आहे, गुरुजी. तुमीच घरी आले होते नाव न्याले."

गुरुजी गेलेच होते घरी.

सालं होतं अठ्ठ्याण्णव. पिंपळझरीच्या शाळेचा पट पस्तिसावर घसरला होता. जोडीचे मास्तर निवृत्त झालेले, आणि चाळीसच्या वर पट गेला नाही तर त्यांची जागा रद्द होणार होती. एरवी गुरुजींनी फार मनाला लावून घेतलं नसतं. पण शामलाबाई तेव्हा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, भिवापूर तालुक्यात नोकरीला होत्या. तीन वर्षांची प्रीती त्यांच्याजवळ. नवरा-बायकोची भेट रविवारी, तीही एसटीने तीनदा गाडी बदलून, अर्धा दिवस प्रवासातच घालवून. नवरा-बायकोला एका गावी आणायचा नियम होता, साहेब तयार होते, फक्त जागा शिल्लक पाहिजे होती. मग गुरुजी घरोघर हिंडले. पोर दिसलं की नाव घातलं. पाच नावं मिळाली. पट चाळीस झाला. एक कमी पडत होतं.

बेबीबाईच्या अंगणात जितेंद्र चड्डी न घालता कोंबडीमागे धावत होता. पाच पुरी व्हायलाही दीडेक महिना होता.

"याला पाठव शाळेत," गुरुजी म्हणाले होते.

"लहान आहे जी अजून. थो शी-सू बी सांगत नाही धड."

"बसेल नुसता. महिन्याला तीन किलो तांदूळ मिळतो पोरामागे, माहीत आहे ना? आणि तू कामावर जाशील तेव्हा पोर कुणाकडे असतं?"

तांदूळ आणि पोराला सावली. बेबीबाईने मान डोलावली. गुरुजींनी शाळेत येऊन टाक झटकला आणि एक्केचाळिसावं नाव लिहिलं. पहिलीला सहा वर्षं पुरी पाहिजेत, म्हणून त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने त्यांनी जन्मतारीख लावली: एक जुलै, सहा वर्षं मागची. गावात जन्माची नोंद कोण ठेवतो? त्या पानावरची सगळी चौदा पोरं एक जुलैलाच जन्मलेली होती. जणू गावातल्या बायकांनी तारीख ठरवूनच बाळंतपणं केली होती. सप्टेंबरात शामलाबाईंची ऑर्डर आली. पुढची चौदा वर्षं दोघांनी एका शाळेत, एका छताखाली सुखात काढली. कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

दोन हजार अकराला मात्र हवालदार शाळेत आला. आरोपीच्या वयाचा दाखला पाहिजे होता. माणूस भला होता बिचारा. चहा पिता पिता म्हणाला, "गुरुजी, पोरगं लहानच दिसते. अठराच्या आत असल तं मामला अलग होते. तारीख पक्की आहे ना?"

गुरुजी तेव्हा मुख्याध्यापक होते. निवृत्तीला सतरा महिने उरलेले. तारीख खोटी म्हटली तर रजिस्टर निघेल, रजिस्टर निघालं तर पट निघेल, पट निघाला तर बाईंची नेमणूक निघेल. पलीकडच्या वर्गात शामलाबाई कविता म्हणवून घेत होत्या, आवाज इकडे येत होता.

"रजिस्टर आहे ना," गुरुजी म्हणाले, आणि त्याच मोत्यांसारख्या अक्षरात दाखला लिहून खाली सही ठोकली.

खोटं लिहिलं तेव्हा निदान त्याचं पुढे काय होईल हे त्यांना माहीत नव्हतं. या वेळी माहीत होतं. हा हिशेब गुरुजींनी कधी मांडला नाही. गावात गेले तर बेबीबाईच्या गल्लीतून जायचं मात्र टाळू लागले.

"मी सांगीन कोर्टात," त्या सकाळी गुरुजी म्हणाले. बेबीबाई पुन्हा वाकली.

त्या दोघी निघाल्या तेव्हा नूपुरने दारात थांबून विचारलं, "गुरुजी, समोरचा वकील पहिलं हेच विचारेल, की का केलंत? मला सगळं सांगून ठेवा."

"पट वाढवायला."

"पट वाढून कुणाचं काय वाचलं?"

"शाळेचं," गुरुजी म्हणाले. नूपुरच्या हातात त्या महिन्यात असले अठरा कैदी होते. तिने वहीत 'पट' लिहिलं आणि स्कूटी चालू केली.

दुपारी जेवताना शामलाबाईंनी पोळी वाढली आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"तारखेचं सांगा. त्या पोराचं वाईट झालं, मलेही समजते. पण माझ्या बदलीचं काढू नका."

"विचारलं तर?"

"विचारलं तर पट म्हणा. चौदा वर्षं मी त्या गावात इमानानं शिकवलं. आता म्हातारपणी पेपरात येईल का, की बाईची नोकरी एका नागड्या पोराच्या खोट्या नावावर होती? प्रीतीच्या सासरी काय तोंड दाखवू?"

गुरुजींनी मान हलवली. पोळीचा घास तोंडात होता. आयुष्यातला सगळ्यात महागडा होकार त्यांनी भरल्या तोंडाने दिला.

मधल्या महिन्यांत नूपुरने काय काय नाही शोधलं! ग्रामपंचायतीत जितेंद्रच्या जन्माची नोंदच नव्हती. सुईण मेलेली. अंगणवाडीचे जुने कागद वाळवीने खाल्लेले. डॉक्टर म्हणाले, तिशी ओलांडलेल्या माणसाची हाडं तो तेव्हा सतराचा होता की अठराचा, हे सांगू शकत नाहीत. आणि भूकंप काय, भूकंप सगळ्यांनाच आठवतो. राहिले गुरुजी एकटे.

साक्षीच्या दिवशी गुरुजींनी पांढरा सदरा घातला. शामलाबाई सोबत आल्या आणि मागच्या बाकावर पर्स मांडीवर धरून बसल्या. जितेंद्रला दोन पोलिसांमध्ये आणलं होतं. टाळूवरचे केस गेलेले, पोट सुटलेलं. ते गुरुजींच्या ओळखीचं पोर नव्हतंच. पण जवळून जाताना त्याने हात जोडले. "बरे आहे ना जी, गुरुजी?"

नूपुरने ते पान दाखवलं. चौदा पोरं, चौदा वेळा एक जुलै. कोर्टात खसखस पिकली. दाराजवळचा शिपाई पुटपुटला, "माही बी तेच तारीख आहे." न्यायाधीशही हसले. गुरुजींना वाटलं, झालं काम.

मग सरकारी वकील उठले. आवाज अगदी मऊ.

"अक्षर तुमचं?"

"हो."

"छान आहे. पोर पाच वर्षांचंही नाही हे माहीत असताना तुम्ही सहा लिहिलं?"

"हो."

"का?"

"शाळेचा पट वाढावा म्हणून."

"पट वाढून तुम्हाला काय मिळालं? बढती?"

"नाही."

"पगार वाढला?"

"नाही."

"मग तुमचा फायदा काय झाला, गुरुजी?"

गुरुजींनी मागच्या बाकाकडे पाहिलं. शामलाबाई पर्सची चेन लावत होत्या, उघडत होत्या, पुन्हा लावत होत्या.

एक वाक्य होतं. माझी बायको माझ्याजवळ यावी म्हणून मी हे केलं. सात-आठ शब्दांचं, साधं, कुणालाही पटणारं वाक्य. न्यायाधीशालाही बायको असेलच की. भिवापूरच्या नेमणुकीचा कागद, सप्टेंबरची ऑर्डर, सगळं कपाटात होतं. ते वाक्य गुरुजींच्या ओठांवर आलं होतं, असं ते नंतर स्वतःला सांगत राहिले.

"माझा फायदा काही नाही," गुरुजी म्हणाले.

"काहीही फायदा नसताना तुम्ही सरकारी रजिस्टरात खोटं लिहिलं."

"हो."

"आणि दोन हजार अकराला तीच तारीख खरी म्हणून पोलिसांना सही करून दिली. तेव्हा खोटं बोललात, की आज बोलताय?"

"तेव्हा."

"तेव्हा नोकरी होती, चौकशीची भीती होती. आज तुम्हाला कुणी हात लावू शकत नाही. आज गावची बाई पाया पडते, तिची भीड मोडवत नाही, एवढंच ना?"

गुरुजी नाही म्हणाले. पण ते इतकं हळू म्हणाले, की न्यायाधीशांनी 'साक्षीदार गप्प' असं टाइप करून घेतलं. नूपुरने उठून दुरुस्त करायला लावलं.

दीड महिन्याने निकाल आला. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली नूपुर अकरा पानं घेऊन उभी होती. तिचा चेहरा पाहून कुणालाही समजलं असतं, पण बेबीबाईला कागद ऐकायचा होता.

"गुरुजीले वाचू द्या," ती म्हणाली. "थ्यांचं वाचणं मले समजते."

इंग्रजी होतं. गुरुजी एकेक ओळ मराठीत करून वाचू लागले. आवाज वर्गातलाच होता, स्पष्ट, थांबत थांबत. दुसरं काही करणं त्यांना सुचलं नाही.

"'रजिस्टर स्वच्छ आहे, एकाच हाताने लिहिलेलं आहे, कुठेही खाडाखोड नाही. ते विश्वास ठेवण्याजोगं आहे. तारीख अंदाजाने लिहिली असं धरलं, तरी अंदाज दोन्हीकडे चुकू शकतो. खोटी नोंद का केली याचं कोणतंही पटण्याजोगं कारण साक्षीदाराने दिलेलं नाही. स्वतःचा काही फायदा नसताना इतक्या वर्षांची अब्रू असलेला शिक्षक असं करील, हे संभवत नाही. गावकीच्या दयेपोटी तो आज खोटं बोलत आहे, असंच मानावं लागेल. आरोपी गुन्ह्याच्या वेळी सज्ञान होता.'"

"म्हंजे?" बेबीबाईने विचारलं.

"अहवाल आता हायकोर्टात जाईल," नूपुर म्हणाली. "मी भांडीन. पण याच्याविरुद्ध दाखवायला आपल्याजवळ दुसरं काही नाही, मावशी. कारणच नाही ना मिळालं."

तिला पुढच्या कोर्टात पुकारा झाला, ती गेली. शामलाबाई गेटजवळ ऑटो ठरवत होत्या. बेबीबाईने पदराने तोंड पुसलं.

"पण तुमी तं खरंच सांगितलं, गुरुजी."

"हो."

"मंग कारन काय होतं? मी तं इतके दिवस समजून होती, का माह्याच तांदळाच्या लालचीनं झालं. मीच होय म्हटलं होतं ना. रोज थेच घेऊन झोपतो मी. तुमचं काय कारन होतं?"

आणि मग जे वाक्य साक्षीच्या पिंजऱ्यात निघालं नव्हतं, ते कडुनिंबाखाली, जिथे त्याचा कुणालाच उपयोग नव्हता, तिथे अगदी सोपं निघालं.

"बाईंना पिंपळझरीला आणायचं होतं. जागा टिकायला एक नाव कमी पडत होतं."

बेबीबाईने गेटकडे पाहिलं. शामलाबाई ऑटोत बसून हाताने खूण करत होत्या, लवकर या म्हणून.

"हे जजसाहेबाले काहून नाही सांगितलं?"

गुरुजी हातातली अकरा पानं नीट जुळवू लागले.

बेबीबाईने खाली ठेवलेली पिशवी उचलली. तिला वाकताना पाहून गुरुजींची चप्पल सवयीने इंचभर पुढे झाली होती. बेबीबाई पिशवी घेऊन सरळ झाली आणि दुखरा पाय ओढत, मागे न पाहता, एसटी स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागली.